टूर द फ्रान्स बघायची कशी? (पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी)

जुलै आला की आमच्या घरी रात्री आठ ते नऊ टीव्ही कोणाचा यावरून रोज वाद, कारण फ्रान्समध्ये स्टेजचा शेवटचा तास नेमका तेव्हाच चालू असतो आणि आईची सिरीयलही तेव्हाच. पहिल्या वर्षी ती नाइलाजाने माझ्याबरोबर दहा मिनिटं बसली आणि म्हणाली, "अरे हे दीडशे जण कधीचे नुसते सायकल मारतायत, कोणी कोणाच्या पुढे जात नाहीये, यात बघायचं काय?" मला उत्तर देता आलं नाही, कारण खरं सांगायचं तर मलाही काही कळत नव्हतं, मी हेलिकॉप्टरमधून दिसणारे किल्ले आणि सूर्यफुलांची शेतं बघत बसलेलो असायचो. आता तीच आई स्वयंपाकघरातून ओरडून विचारते, "ब्रेक किती पुढे आहे रे?" मधल्या काळात जे काही कळत गेलं ते इथे एकत्र लिहितोय, म्हणजे तुमची तीन-चार वर्षं वाचतील.

आधी अगदी थोडक्यात ढाचा. २१ स्टेज, २३ दिवस, मधे दोन सुट्ट्या, एकूण साधारण ३३००-३४०० किलोमीटर. प्रत्येक टीममध्ये आठ जण, टीम बावीस किंवा तेवीस, म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास रायडर. रोज एक रेस, रोज एक विजेता, आणि रोज लागलेला वेळ आदल्या दिवसांच्या वेळेत मिळवत जायचा, शेवटी ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो टूर जिंकला. त्यामुळे टूर जिंकायला एकही स्टेज जिंकायची गरज नाही. ग्रेग लेमाँड १९९० मध्ये एकही स्टेज न जिंकता टूर जिंकला, ख्रिस फ्रूम २०१७ मध्ये तसाच. आईला हे अजिबात पटलं नव्हतं. "एकदाही पहिला न येता पहिला?" पण दहावीला प्रत्येक विषयात दुसरा आलेला मुलगा शाळेत पहिला येऊ शकतो की नाही? तसंच.

आता मुद्द्याचं. ही रेस बघताना "पहिला कोण आहे" हा प्रश्न डोक्यातून काढून टाका. त्या जागी एकच प्रश्न ठेवा: आत्ता वारा कोण अंगावर घेतंय, आणि कोणासाठी?

बस. बाकी सगळं यातून आपोआप उलगडतं.

शाळेत असताना मित्राच्या मागे मागे सायकल मारत समोरच्या वाऱ्यात घरी आला असाल तर हे तुम्हाला माहीतच आहे. सपाटीवर ताशी चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाला रायडरची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या चाकाला चिकटून गेलं की साधारण तीस टक्के मेहनत वाचते, आणि मोठ्या घोळक्याच्या, म्हणजे पेलोटॉनच्या, मधोमध असाल तर त्याहून जास्त. म्हणजे सगळ्यात पुढे जो दिसतो तो जिंकत नसतो, तो खर्च होत असतो. आणि तिसाव्या नंबरवर तोंड मिटून निवांत बसलेला जो माणूस आहे ना, तो पैसे बँकेत ठेवतोय.

मग कोणी शहाणा माणूस पुढे जाऊन वारा का खाईल? इथे टीम येते.

टीममधले आठ जण जिंकायला आलेले नसतात. जिंकायला एक येतो, फार तर दोन. उरलेल्यांना म्हणतात डोमेस्टिक, फ्रेंचमध्ये याचा अर्थ सरळ सरळ घरगडी असा होतो, आणि त्यांची कामंही तशीच. सपाटीवर पुढे बसून दिवसभर हवा कापायची, लीडर पंक्चर झाला तर स्वतःचं चाक काढून द्यायचं, वेळ पडली तर अख्खी सायकल द्यायची, तो मागे पडला की थांबून त्याला वाऱ्याआड घेऊन परत घोळक्यात आणून सोडायचं. आणि पाणी. हे एकदा नीट बघा, कॅमेरा बऱ्याचदा दाखवतो: एक जण घोळक्यातून हळूहळू मागे मागे सरकतो, टीमच्या गाडीच्या खिडकीपाशी येतो, आतून एकेक बाटली बाहेर येते आणि तो ती मानेपाशी जर्सीत कोंबत जातो, पाठीवर, पोटावर, सहा सात आठ, शेवटी पोतं भरल्यासारखा दिसतो, आणि शेवटची बाटली घेताना त्याचा हात आणि आतल्या माणसाचा हात दोन-तीन सेकंद जरा जास्तच चिकटून राहतात, गाडी तेवढ्यात त्याला फुकट ओढून देते. याला स्टिकी बॉटल म्हणतात. नियमात बसत नाही, अती झालं तर दंड होतो, थोडक्यात असलं तर सगळे दुसरीकडे बघतात. मग तो एवढं वजन घेऊन पावणेदोनशे जणांच्या मधून वाट काढत परत पुढे जातो आणि पाणी वाटतो. उन्हाच्या दिवशी हे दिवसातून कितीतरी वेळा. संध्याकाळच्या निकालात याचं नाव एकशेचाळिसावं, घरी कोणाला सांगावं तरी काय.

मला विचाराल तर पहिल्या वर्षी लीडरचा फॅन होऊ नका, एखादा घरगडी निवडा आणि तीन आठवडे त्याच्यावर नजर ठेवा. रेस दसपट जास्त कळते.

बाकी मंडळींपैकी, स्प्रिंटर हे वेगळं प्रकरण. अंगाने दांडगे, सपाट रस्त्यावर शेवटच्या दोनशे मीटरात ताशी पासष्ट-सत्तरने सुटतात, आणि घाट आला की त्यांचे हाल कुत्रा खात नाही. त्यांच्यासाठी शेवटच्या काही किलोमीटरला टीमच्या रायडरांची आगगाडीच लागते, लीडआउट ट्रेन म्हणतात, एकामागे एक चार-पाच डबे, प्रत्येकाने जीव तोडून ओढायचं आणि संपला की बाजूला व्हायचं, शेवटचा डबा बाजूला झाला की स्प्रिंटर मोकळा. स्प्रिंट बघताना चेंडूकडे बघतात तसं पहिल्या माणसाकडे बघू नका, शेवटच्या दोन किलोमीटरला कोणत्या टीमचे किती डबे शिल्लक आहेत ते मोजा. मग निकाल आधीच कळायला लागतो (दहातल्या पाच वेळा तरी. मला अजूनही पाच).

मग क्लाइंबर, म्हणजे काटकुळे, पन्नास-साठ किलोंचे, डोंगरातले राजे. मग टाइम ट्रायलवाले, एकट्याने घड्याळाविरुद्ध धावणारे. आणि रोड कॅप्टन, हा बहुतेक वेळा वयाने मोठा, गाडीत बसलेल्या डायरेक्टरचे डोळे, कानात रेडिओ असतोच पण घोळक्यात काय शिजतंय ते गाडीतून दिसत नाही.

जर्सी पटकन उरकतो, कारण याच्यावर सगळीकडे लिहिलेलं सापडतं. पिवळी म्हणजे एकूण वेळेत पुढे असलेला. १९०३ मध्ये 'लोतो' नावाच्या पेपरने खप वाढवायला ही रेस काढली, त्या पेपरचा कागद पिवळा, म्हणून १९१९ पासून जर्सी पिवळी. हिरवी पॉइंट्सची, मुख्यतः स्प्रिंटरांची, सपाट स्टेज जिंकली की ५० पॉइंट. पीटर सागानने ही सात वेळा नेली, आणि २०२४ मध्ये एरिट्रियाच्या बिनियम गिर्मायने. पांढऱ्यावर लाल ठिपके म्हणजे डोंगरांची. पांढरी म्हणजे तरुणांमधला पहिला. ठिपकेवाली समजवायला मी घरी मुंबई-पुणे सायकल रेसचं उदाहरण दिलं, बाबांना ती रेस लहानपणापासून माहीत, बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, तर ही त्या राजाची जर्सी, फक्त घाट एक नसून चाळीस-पन्नास. चढांना कॅटेगरी असते, सगळ्यात सोपा चौथा, मग तिसरा, दुसरा, पहिला आणि त्याच्याही वर एचसी, म्हणजे वर्गवारीच्या बाहेरचा. चौथ्याच्या माथ्यावर एक पॉइंट, एचसीच्या माथ्यावर वीस. आपला सिंहगड सायकलने चढून ज्यांचे पाय थरथरलेत त्यांच्यासाठी: तुर्मालेचा चढ लूझच्या बाजूने एकोणीस किलोमीटर, सरासरी साडेसात टक्क्यांच्या आसपास, आणि तो दिवसातला एकच चढ असेलच असं नाही.

वेळेचे तीन-चार नियम मात्र माहीत हवेतच, नाहीतर रोज वाटेल की फसवणूक चाललीय.

एकत्र घोळक्यात आले तर सगळ्यांना एकच वेळ. म्हणजे पहिला आणि एकशेविसावा, मधे अंतर पडलेलं नसेल तर दोघांना तीच वेळ, म्हणून पिवळी जर्सीवाला पन्नासावा आला तरी त्याचं काही बिघडत नाही. दुसरं, पहिल्या तिघांना बोनस, म्हणजे एकूण वेळेतून १०, ६ आणि ४ सेकंद वजा. ऐकायला चिल्लर वाटते, पण १९८९ मध्ये लेमाँड आणि लोराँ फिन्यों यांच्यात तीन आठवड्यांनंतर फरक किती होता माहितीये? ८ सेकंद. शेवटच्या दिवशीच्या साडेचोवीस किलोमीटरच्या टाइम ट्रायलला फिन्यों पन्नास सेकंद पुढे होता आणि हरला. त्याची पोनीटेल वाऱ्यावर उडत होती आणि लेमाँडने हँडलला पुढे वाऱ्यात घुसणारे बार लावले होते. परत वाराच बघा.

तिसरं, सपाट स्टेजला शेवटच्या तीन किलोमीटरात कोणी पडलं किंवा पंक्चर झालं तर त्याला ज्या घोळक्यात तो होता त्याची वेळ मिळते (हल्ली काही स्टेजला ही हद्द पाचपर्यंतही नेतात). आणि चौथं, वेळेची मर्यादा. विजेत्याच्या वेळेच्या ठराविक टक्क्यांच्या आत यावं लागतं, नाहीतर घरी. डोंगराच्या दिवशी सगळे स्प्रिंटर आणि दमलेले घरगडी मागे एकत्र जमून, टीम वगैरे विसरून, हिशोब करत करत वर येतात, त्या घोळक्याला ग्रुपेटो म्हणतात. टीव्हीवर विजेता मुलाखत देत असतो आणि खालच्या वळणावर हे अजून चढत असतात.

२०२४ ची पहिलीच स्टेज, फ्लॉरेन्स ते रिमिनी, उन्हाचा कहर, ३९ वर्षांचा मार्क कॅव्हेंडिश सुरुवातीच्याच चढावर मागे पडला, उलट्या, चेहरा पांढराफटक. त्याच्या टीममधले जण त्याच्याबरोबर मागे राहिले, त्याला वाऱ्याआड ठेवत, पाणी ओतत, मर्यादेच्या आत घेऊन आले. चार दिवसांनी सॅं-व्हुल्बाला तो पाचवी स्टेज जिंकला, टूरमधली त्याची पस्तिसावी, बेल्जियमच्या जुन्या दिग्गजाचा, एडी मर्क्सचा, ३४ चा रेकॉर्ड मोडला. सगळ्या पेपरांत फोटो त्याचा. पण ती स्टेज जिंकली गेली पहिल्याच दिवशी, सगळ्यांच्या मागे, मला तरी असंच वाटतं.

बरं, आता प्रत्यक्ष एखादा दिवस कसा बघायचा.

स्टेज आपल्याकडे दुपारी चार-साडेचारला सुरू होते आणि नऊच्या आसपास संपते, कारण उन्हाळ्यात फ्रान्स आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. पाच तास कोणी बघत बसू नका, ते आमच्यासारख्या वाया गेलेल्यांचं काम आहे. सकाळी स्टेजचं प्रोफाइल बघा, म्हणजे चढ-उताराचं चित्र, हे कुठेही फुकट मिळतं. शेवट सपाट असेल तर रात्री साडेआठनंतर टीव्ही लावला तरी चालतं. शेवट डोंगरावर असेल तर साडेसातपासून. चित्र करवतीच्या दातांसारखं, लहान लहान चढांचं असेल तर सुरुवात बघा, असल्या दिवशी पहिल्या तासात मारामारी असते.

मारामारी कशाची, तर ब्रेकमध्ये जायची. रोज काही जण घोळक्यातून निसटून पुढे जातात, त्याला ब्रेकअवे म्हणतात. कधी दोन, कधी वीस. घोळका त्यांना सोडतो की नाही हे त्यात कोण आहे यावर ठरतं, जो एकूण यादीत अर्धा तास मागे आहे त्याला जाऊ देतात, जो दोन मिनिटं मागे आहे त्याला कुत्र्यासारखं धरून परत आणतात. सपाट दिवशी स्प्रिंटरांच्या टीमा ब्रेकला दोन-तीन मिनिटांच्या दोरीवर बांधून ठेवतात आणि शेवटी ओढून घेतात. एक जुना ठोकताळा आहे, रोबेर शापात नावाचा रायडर पुढे कॉमेंटेटर झाला त्याच्या नावावर, की पाठलाग जोरात असेल तर ब्रेकचं दर दहा किलोमीटरमागे एक मिनिट जातं. वीस किलोमीटर राहिलेत आणि फरक दीड मिनिट? पकडले जाणार. तीन मिनिटं? जेवायला बसू नका, मजा आहे. आईला हा नियम कळला त्या दिवसापासून ती माझ्यापेक्षा जास्त गुंतलीय, आणि ती नेहमी ब्रेकच्या बाजूने असते, "बिचारे दिवसभर पुढे आहेत रे."

हवेच्या अंदाजाकडेही एक नजर टाका. वारा समोरून असेल तर रटाळ दिवस. पण आडवा असेल, मोकळ्या मैदानातून रस्ता जात असेल, तर सगळं काम सोडून बसा. आडव्या वाऱ्यात पुढच्याच्या मागे नाही, तिरकं बाजूला लपावं लागतं, म्हणून रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरकी रांग होते, इशेलॉन म्हणतात, आणि रस्त्याच्या रुंदीत जेवढे मावतील तेवढेच त्या रांगेत. बाकीचे कडेला एकामागे एक, वाऱ्यात उघडे, आणि बघता बघता दोर तुटतो. एखादी टीम हे मुद्दाम करते, आठही जण अचानक पुढे येतात आणि जोर लावतात. लीडर तेव्हा मागे गप्पा मारत असेल किंवा रस्त्याच्या कडेला लघवीला थांबला असेल तर मिनिट-दीड मिनिट गेलंच. तसा शिरस्ता आहे की पिवळी जर्सी त्या कामासाठी थांबली तर हल्ला करायचा नाही. पण शिरस्ताच तो.

आता डोंगर. इथे जरा रेंगाळतो कारण टूर इथेच ठरते. चढावर वेग कमी, ताशी वीसच्या आसपास, म्हणजे वाऱ्याआड लपून वाचणारी मेहनतही कमी, आणि घरगड्यांची किंमत वेगळ्या पद्धतीने लागते. चढाच्या पायथ्याला एका टीमचे चार-पाच जण पुढे येतात आणि असा वेग धरतात की कोणाला निसटताच येऊ नये. एक जण संपतो, बाजूला होतो, जवळजवळ उभाच राहतो, मग पुढचा. हे बघताना मोजा: लीडरकडे अजून किती शिल्लक? समोरच्याकडे किती? ज्याचे आधी संपले तो उघडा पडला.

याचा धडा म्हणून २०२२ ची अकरावी स्टेज शोधून बघा, आल्बेरव्हिल ते कोल दु ग्रानों. पिवळी तादेइ पोगाचारकडे, आदली दोन वर्षं तोच जिंकलेला, योनास विंगेगार्ड ३९ सेकंद मागे. पोगाचारच्या टीममधले दोघं कोविडमुळे आधीच घरी गेलेले. विंगेगार्डच्या टीमने, तेव्हा नाव जंबो-विस्मा, सकाळीच वाउट व्हान आर्ट आणि क्रिस्तोफ लापोर्त या दोघांना ब्रेकमध्ये पुढे पाठवून ठेवलं. नवख्या माणसाला वाटतं ते स्टेज जिंकायला गेले. नाही, ते पुढे जाऊन थांबायला गेले, म्हणजे मागून आपला माणूस आला की त्याला ओढायला ताजा गडी तयार. आणि मग तेलेग्राफ आणि गालिबिएच्या चढांवर प्रिमोझ रोग्लिच आणि विंगेगार्ड आळीपाळीने हल्ला करायला लागले. एकाने जोर लावायचा, पोगाचार त्याच्या मागे. तो जरा थांबला की दुसऱ्याने. पोगाचार परत मागे. रोग्लिच खांदा निखळून आधीच दोन मिनिटं मागे पडलेला, त्याला हरायला काही शिल्लक नव्हतं, पण त्याच्यासारख्या माणसाला सोडून देणंही धोक्याचं. पोगाचारने एकट्याने सगळ्यांना उत्तर दिलं, मधे हसलाही कॅमेऱ्याकडे बघून. आणि मग ग्रानोंच्या चढावर, शेवटच्या पाचेक किलोमीटरला, विंगेगार्ड निघाला आणि पोगाचार बसल्या जागी खिळला. जर्सीची चेन उघडी, खांदे हलतायत, चाक पुढे जात नाहीये. २ मिनिटं ५१ सेकंद. पिवळी गेली, ती त्या वर्षी परत आलीच नाही.

तो हल्ला शेवटच्या पाच किलोमीटरला दिसला, पण पैसे गालिबिएवर, साठ किलोमीटर आधीपासून, काढले जात होते. म्हणून म्हणतो, फक्त हायलाइट बघून ही रेस कळत नाही. हायलाइटमध्ये खर्च दिसत नाही, बिल तेवढं दिसतं.

आणि खाणं! हे कोणी सांगत नाही. तासाला नव्वद ते एकशेवीस ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात ढकलतात ही मंडळी, जेल, भाताचे छोटे गोड केक, साखरेचं पाणी. वाटेत ठरलेल्या जागी टीमची माणसं कापडी पिशव्या धरून उभी असतात, म्युझेट, चालत्या सायकलवरून ती खेचून घ्यायची, गळ्यात अडकवायची, माल खिशात भरायचा आणि पिशवी फेकून द्यायची. एखादा चांगला रायडर अचानक काहीच कारण नसताना ढेपाळला तर पहिला संशय हा की खायला चुकला. आपल्याकडे उपाशीपोटी सकाळी घाटात गेलेल्यांना माहितीये ते, डोळ्यासमोर काजवे चमकतात.

टीमच्या नावांनी गोंधळू नका. ती नावं देशांची नसतात, पैसे देणाऱ्यांची असतात, युएई टीम एमिरेट्स, मोव्हिस्टार, लिडल-ट्रेक, कोफिडिस, वगैरे, आणि स्पॉन्सर बदलला की तीच टीम नवीन नावाने येते. जंबो-विस्माचंच आता विस्मा-लीज अ बाइक झालंय. त्यामुळे नाव पाठ करण्यापेक्षा जर्सीचा रंग ओळखायला शिका, घोळक्यात तोच दिसतो.

एक नावडती गोष्ट. कोणीतरी तुम्हाला म्हणेलच की हे सगळे औषधं घेऊनच पळतात. लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ ची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली, ती वर्षं रिकामीच ठेवलीत, दुसऱ्या कोणाला दिली नाहीत. तेव्हा संशय येणं चूक नाही. मीही येऊ देतो आणि तरी बघतो.

प्रत्यक्ष रस्त्यावर उभं राहून बघायचं असेल तर आता फ्रान्सला जायला नको. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, युसीआयच्या, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या, २.२ दर्जाची, एक प्रोलॉग (सुरुवातीची छोटी टाइम ट्रायल) आणि चार स्टेज, सगळं मिळून ४३७ किलोमीटर, बाहेरच्या देशांतल्या टीमा आपल्या रस्त्यांवर. टूरपुढे ती लहान आहे हे खरं, पण घोळका, ब्रेक, वारा, बाटल्या सगळं तेच. माझी चूक तुम्ही करू नका: मी सपाट रस्त्यावर छान सावली बघून दोन तास उभा राहिलो, मोबाइल सरसावून, आणि सुर्रकन आवाज आला, वाऱ्याचा झोत आला, आणि संपलं. माझ्या व्हिडिओत शेजारच्या काकांची टोपी आहे फक्त. चढावर उभं राहा. तिथे घोळका तुटलेला असतो, एकेक जण दिसतो, श्वास ऐकू येतो, कोण कोणासाठी ओढतोय ते दोन हातांवरून कळतं. आणि पहिला गेला की घरी पळू नका, शेवटचा येईपर्यंत थांबा. पुढच्यांना टाळ्या मिळतातच.

हां, आणि रस्त्यावर पाय टाकू नका, फोन घेऊन आडवे येऊ नका, कुत्रं असेल तर धरून ठेवा. काही फार वाईट पडझडी बघणाऱ्यांमुळे झाल्यात.

सुरुवात कुठून करू, असं मला नेहमी विचारतात. पोगाचारच्या एखाद्या टूरपासून नको, २०२४ मध्ये तो गिरो (इटलीतली अशीच तीन आठवड्यांची रेस) आणि टूर दोन्ही घेऊन गेला, २०२५ मध्ये चौथी टूर, बघायला भारी पण शिकायला एकतर्फी. २०२० ची विसावी स्टेज चांगली आहे, प्लांश दे बेल फीयची टाइम ट्रायल, रोग्लिच ५७ सेकंद पुढे, त्याच्या टीमने तीन आठवडे अख्खी रेस मुठीत ठेवलेली, आणि टाइम ट्रायलला टीम काय करणार, प्रत्येक जण एकटा. एकवीस वर्षांच्या पोगाचारने त्याच्यावर १ मिनिट ५६ सेकंद काढले आणि टूर ५९ सेकंदांनी जिंकली. मी एवढं टीम टीम करत आलो त्याला हे छान उत्तर आहे.

पण मी सगळ्यांना पाठवतो ती बायकांची टूर, २०२४ ची शेवटची स्टेज, आल्प द्युएझवर संपणारी, एकवीस वळणं. पिवळी पोलंडच्या काशिया निएविआदोमाकडे. डेमी वोलेरिंग १ मिनिट १५ सेकंद मागे, ते का, तर तीन दिवस आधी ती पडली होती आणि तिच्या टीममधल्या कोणी मागे थांबून तिला परत आणलं नाही, त्यावर खूप बोंब झाली होती. शेवटच्या दिवशी वोलेरिंगने ग्लांदोंच्या चढावरच हल्ला केला, शेवट अजून पन्नासेक किलोमीटर लांब असताना. निएविआदोमा मागे, फरक वाढत वाढत जातोय, कोपऱ्यातल्या आकड्यात पिवळी कधी हिची तर कधी तिची. वोलेरिंग स्टेज जिंकली. १० सेकंद बोनस. आता ६५ सेकंद हवेत.

मी हे रेकॉर्डिंग आईला दाखवलं तेव्हा निकाल सांगितला नव्हता. ती हातातली मेथीची जुडी तशीच धरून उभी राहिली. घड्याळ चाललंय, निएविआदोमा शेवटच्या सरळ रस्त्यावर, तोंड वेडंवाकडं, आणि आई स्क्रीनवरचे सेकंद मोठ्याने मोजतेय, अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. एकसष्टला चाक रेषेवर.

चार सेकंद. "म्हणजे त्या दिवशी कोणीतरी थांबली असती तर," आई म्हणाली, आणि मेथी निवडायला बसली.